दोन बोटं खालची सीट

लग्न पाच दिवसांवर आलेलं असताना मोडलं, तर लोक बोट कुणाकडे दाखवतात? मुलाकडे? छे! "पोरीतच काही खोट असंल," म्हणून सगळे मोकळे होतात. अहमदपूरच्या भीमाशंकर पोस्टमनच्या घरी हेच झालं. लेक जगदेवी शिवणाचा वर्ग चालवायची. लातूर जिल्हा नवानवा झालेला, तिथल्या नव्या कचेरीत पंचाक्षरी नावाचा मुलगा कारकून लागला आणि सोयरीक जमली. पत्रिका वाटून झाल्यावर निरोप आला, स्कूटर पाहिजे. साहेबांच्या कचेरीत मुलगा सायकलवर जाणार कसा? भीमाशंकरनं हात जोडले, जमणार नाही म्हणाला. लग्न मोडलं.

मग वर्गाला येणाऱ्या बाया हळूहळू थांबल्या. पुढचं एक स्थळ तर पोरगी न बघताच स्टँडवरून परत गेलं. जगदेवीनं दारात बसायचं सोडलं. भीमाशंकरला भाकर गोड लागेना. त्या पोराला धुळीत लोळवल्याशिवाय आपल्याला झोप नाही, असं त्यानं मनाशी धरलं.

संधीही चालून आली. पावसाळा असून आभाळ कोरडं ठक्क होतं, पण जिल्ह्याचा वाढदिवस तर करायचाच. नांदेड ते लातूर सायकल फेरी ठरली. पहाटे निघायचं, दिवस मावळायच्या आत पोचायचं. जोडीत एक सराईत आणि एक नवखा. जोडीची वेळ मागून येणाऱ्याची धरणार. सराइतानं आपला नवखा निवडायचा होता. तीस वर्षं सायकलवर टपाल वाटलेल्या भीमाशंकरनं यादी वाचली आणि एका नावावर बोट ठेवलं. पंचाक्षरीचं तोंड उतरलं, पण कचेरीनंच नाव दिलेलं, साहेबांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती.

निघताना भीमाशंकरनं मोठ्या मायेनं पाना काढला आणि "तुला सोपं जाईल" म्हणत पोराची सीट दोन बोटं खाली केली. सीट खाली असली की पाय पुरता लांबत नाही आणि गुडघे भरून येतात. हे नवख्याला काय कळणार? वर त्यानं बजावलं, वाटेत पाणी प्यायचं नाही, पोटात कळ येते. लोह्यापर्यंत पोरगा बोलत होता. पुढं त्याचं बोलणं बंद झालं. प्रत्येक चढाला भीमाशंकर झपाट्यानं वर जायचा आणि त्याला धापा टाकताना बघत उभा राहायचा. बरं वाटायचं त्याला! खोटं कशाला सांगू, वाचकहो, त्याच्या जागी तुम्हा-आम्हालाही वाटलं असतं. ह्याला फेरीमागून येणाऱ्या टेम्पोत घालून लातूरला न्यायचं आणि कचेरीतल्या सगळ्या लोकांसमोर उतरवायचं, एवढंच त्याला दिसत होतं.

अहमदपूरला पंचाक्षरी उतरला तो रस्त्यावरच बसला. दुष्काळातही बायांनी घरातलं पाणी आणून मांडलं होतं. त्यांत भीमाशंकरची सासू पार्वतम्मा होती, पंचाहत्तरीची. तिनं तांब्या पुढं केला तर पोरगा म्हणाला, मामांनी पाणी नको म्हणून सांगितलंय. म्हातारीनं एकदा पोराकडे पाहिलं, एकदा जावयाकडे. पोराला पोटभर पाणी पाजलं आणि जावयाला बाजूला घेतलं.

"हा त्योच न्हवं, जगदेवीचा?"

"त्योच, आत्या. जरा शिकवायलोय त्याला."

"शिकवा. पर जावईबापू, तुमच्या हातातली ही सायकल कुठली?"

त्या सायकलीची गोष्ट भीमाशंकरनंच हसत हसत शंभरदा सांगितली होती. स्वतःच्या लग्नात तो मांडवात रुसून बसला होता. सायकल आल्याशिवाय उठणार नाही म्हणाला. जावई रुसला म्हणून वऱ्हाड हसत होतं. तीन तासांनी बाजारातून सायकल आली, तेव्हा कुठं त्यानं घास घेतला. ती हीच सायकल!

"तुम्ही हसत सांगता म्हणून मी बी हसते," पार्वतम्मा म्हणाली. "त्या दिवशी सायकलीपायी दावणीची दुभती म्हैस विकली. शेजारणीकडं ताक मागताना मला हसू न्हवतं आलं. तुम्ही मागितलं तो मान, आन् ह्यानं मागितलं ते पाप? ह्याला लोळवून जगदेवीची मान वर होती का? लोक म्हणतील, पोराचे पाय दुखले. पोरीत खोट न्हवती, हे कोण म्हणणार?"

भीमाशंकरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग गेला नव्हता, पण तो आता कुणावर काढावा हे कळेना. त्यानं पाना काढला आणि पोराची सीट वर केली.

"ही मीच खाली केलती. मुद्दाम. पाणी बी मुद्दाम तोडलं," तो म्हणाला. "आता तुला लातूरला मीच नेणार. पर तिथं तुला खरं बोलावं लागंल."

"मागितलं घरच्यांनी, मामा. मी नुसता गप्प बसलो," पंचाक्षरी म्हणाला.

"मी तर तोंडानं मागितलं होतं."

चाकूरच्या पुढं चढ लागला की भीमाशंकर त्याच्या पाठीला हात लावून सायकल रेटायचा. दिवस बुडता बुडता दोघं लातुरात शिरले, सगळ्यांच्या मागून. वयानं मोठा म्हणून भीमाशंकरला माईकवर बोलावलं, तेव्हा त्यानं आधी स्वतःच्या सायकलीची गोष्ट सांगितली, म्हशीसकट. ह्या वेळी कुणी हसलं नाही. मग पंचाक्षरी पुढं आला. मुलीत काही खोट नव्हती, लग्न स्कूटरपायी मोडलं आणि आपण गप्प बसलो, हे त्यानं साहेबांच्या देखत सांगितलं. आपल्याला आता काहीच नको, जगदेवीशी लग्न करायला तयार आहे, असंही तो भरात बोलून गेला. टाळ्यांचा कडकडाट झाला!

जगदेवी आईसोबत एसटीनं आली होती. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती उठून माईकपाशी गेली.

"तुम्ही खरं बोललात, बरं केलंत," ती म्हणाली. "पण काही न घेता मला करून घेता म्हणजे उपकार करता का? मला तुम्ही नको. सोमवारपासून माझा वर्ग सुरू होतोय, बायांनी यावं."

भीमाशंकरला आधी धक्काच बसला. दारी आलेलं स्थळ पोरीनं भर सभेत परत पाठवलं! मग त्यानं बायकोकडे पाहिलं. महादेवी पदर सावरत ताठ उभी होती आणि टाळ्या वाजवत होती, एकटीच. क्षणभरानं त्यानंही हात उचलले.

वाचकहो, सूड घ्यावासा वाटणं माणसाला सुटत नाही. पण तो पोरापुरता घेतला तर मागण्याची चाल तशीच राहते आणि दुसऱ्याच्या दारी जाते. तो चालीवरच घ्या. आणि हुंड्याच्या नावानं दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी, आपल्या घरात सासरहून काय काय आलंय, ते एकदा बायकोला विचारा.