दोन रिकाम्या रिंगा

मृदुलाबाईंनी भरतकामाच्या रिंगेत इरकलीचा काठ ताणून बसवला, स्क्रू पिळला आणि टिचकी मारून पाहिली. कापड टणटणीत वाजलं. झकास!

बैठकीत अंथरलेल्या वर्तमानपत्रांवर लहानमोठ्या रिंगांचा पसारा मांडला होता. कुणात चंदेरी, कुणात नारायणपेठ, कुणात बांधणी. सगळा जुन्या साड्यांचा गोतावळा. कला मोबाइलवर बघून शिकलेली, पण बाईंची ऐट अशी, की जणू आईच्या पोटातूनच शिकून आल्या!

"या दोन रिकाम्या का ठेवल्यास?" श्रीकृष्णरावांनी चष्म्यावरून विचारलं. "कापड संपलं?"

"अहो, साड्या संपतील का माझ्या? आहे काम त्यांचं."

काय काम, ते त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सुनेला तर नाहीच नाही.

सून पूर्णिमा बडोद्याजवळच्या पादरा गावची, गुजराती. वैशाखात माप ओलांडून आत आली आणि आपल्या माहेरच्या रीतीने कुंकवाने माखलेले दोन्ही हात तिने बैठकीच्या भिंतीवर उमटवले. थापे म्हणतात त्यांना. सून घरात आल्याची खूण. सगळा जन्म बडोद्यात गेलेल्या मृदुलाबाईंना हे का ठाऊक नव्हतं? पण जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. "अगंबाई, परवाच रंग दिलाय भिंतीला!" असं त्या बोलून गेल्या. वऱ्हाडी हसले. पोर काही हसली नाही.

तेव्हापासून पूर्णिमा घरात पाहुणीसारखी वावरत होती. साधं कॅलेंडर लावायचं तरी, "मम्मी, इथे खिळा ठोकला तर चालेल ने?" लग्नातला फोटो तर अजून कपाटातच पडून होता. मृदुलाबाईंच्या जिवाला ते फार लागायचं. पण तोंडाने काही बोलायचं म्हटलं की सासूपणा आडवा यायचा. म्हणून हा बेत. भिंतभर रिंगा लावायच्या आणि मधोमध त्या दोन रिकाम्या, दोन थाप्यांभोवती. दिवाळीला पादऱ्याची माणसं येतील, बघतील. पूर्णिमाही बघेल.

रिंगा टांगायला दोरा हवा, म्हणून त्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या. तिथे पूर्वीच्या शेजारीणबाई भेटल्या, म्हणजे गप्पा आल्याच. परतल्या तर दारातच रंगाचा वास.

पूर्णिमा स्टुलावर उभी होती. हातात ब्रश, गालावर रंगाचे शिंतोडे. भिंत कोरी करकरीत.

"मम्मी, सरप्राइज! माळ्यावर डबा उरलेला होता. तुम्ही एवढ्या सरस रिंगा केल्या, त्यांच्यामध्ये ते डाग बरे नसते दिसले ने."

"डाग?"

"ते थापे." तिचा आवाज बारीक झाला. "तुम्हाला आवडले नव्हते ने, म्हणून."

मृदुलाबाई मटकन सोफ्यावर बसल्या. रडावं की हसावं तेच कळेना. मग उठल्या, त्या दोन रिकाम्या रिंगा घेतल्या आणि थापे जिथे होते तिथे भिंतीजवळ धरल्या.

"त्यांच्यासाठीच केल्या होत्या गं."

पूर्णिमाने तोंडावर हात ठेवला. श्रीकृष्णराव देवघरात गेले आणि वाटीत कुंकू कालवून घेऊन आले.

"चल, हात कर पुढे," मृदुलाबाई म्हणाल्या.

"पण मम्मी, थापे तर एकदाच देतात. सून घरात येते तेव्हा."

"मग आज ये."

पूर्णिमाचे डोळे भरून आले. तिने उजवा तळवा वाटीत बुडवला, भिंतीवर दाबला आणि तोच लाल हात सासूच्या मनगटावर पडला.

"अगं, मी कुठली नवी नवरी?"

"एक रिंग उरते ने, मम्मी."

मृदुलाबाईंचा हात कुंकवात बुडला आणि भिंतीवर टेकलासुद्धा.

"अगं, रंग ओला आहे अजून!" श्रीकृष्णराव ओरडले. पण उशीर झाला होता. दोघींचे तळवे लालपांढरे झाले आणि भिंतीवर दोन ठसठशीत गुलाबी पंजे. "आता हे खरवडल्याशिवाय निघायचं नाही."

"खरवडतंय कोण?" मृदुलाबाई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत रंग वाळला. पूर्णिमाने कपाटातला फोटो काढून आणला, हातोडी घेतली आणि स्टुलावर चढली.

"हा इथे लावते," ती म्हणाली आणि खिळा ठोकून मोकळी झाली.

खिळा चांगला बोटभर वाकडा गेला होता. मृदुलाबाईंना ते दिसलं. त्यांनी फोटो उचलून तिच्या हातात दिला.