थॅडियसची अर्धी दाढी

लेम्युएल पेटवेचं दुकान टॅलबर्टच्या चौकात, अगदी कोर्टासमोर. काचेवर सोनेरी अक्षरांत त्याचं नाव, दारात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब, आणि आत सेंट लुईसहून रेल्वेनं मागवलेली लाल चामड्याची खुर्ची. मागच्या फळीवर गिऱ्हाइकांचे, दाढीचा फेस करायचे चिनी मातीचे मग, ज्याचा मग त्याचं नाव त्यावर. दुकान काळ्या माणसाचं, हात काळ्या माणसाचे, आणि त्या खुर्चीवर काळ्या माणसानं मात्र बसायचं नाही. हसू नका, अलाबामातल्या आमच्या सगळ्या गावांत हीच रीत होती. काळं डोकं त्या खुर्चीला टेकलं की गोरं गिऱ्हाईक उठलंच म्हणून समजा, आणि नुसतं उठून गेलं तर नशीब. पुढच्याच स्टेशनच्या गावात एका काळ्या न्हाव्यानं आपल्या सख्ख्या भावाचे केस दुकानात कापले. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या काचा रस्त्यावर होत्या आणि तो बायकापोरांसकट रेल्वेच्या डब्यात.

आपल्या माणसांची डोकी लेम रविवारी प्रार्थनेच्या आधी घरच्या परसात करायचा. बकाणनिंबाखाली स्वयंपाकघरातली खुर्ची मांडायची, बादलीत पाणी घ्यायचं आणि चालू. खुर्ची डुगडुगायची, म्हणून तिच्या एका पायाखाली वीट लागायची. "काय लेमभाऊ, आम्हाला वीट आणि त्या गोऱ्या मेजरला गादी?" असं कुणीतरी दर रविवारी म्हणायचंच, आणि लेमला दर रविवारी हसावं लागायचं. हसून हसून त्याचे गाल दुखत.

गोरे त्याला काका म्हणत. काळ्या माणसाला मिस्टर म्हणायला त्यांची जीभ वळत नसे, म्हणून काका. काका म्हणायचं आणि अरे-तुरे करायचं. पाळण्यातली पोरंसुद्धा बोलायला लागली की पहिल्या फटक्यात 'ए लेमकाका'. तीस वर्षं त्यानं ह्या पुतण्यांच्या गळ्यांवरून वस्तरा फिरवला आणि तीस वर्षं मान त्याचीच खाली. घरी आला की भांडी आपटायचा. बायको होती तोवर ती म्हणायची, आपटा, भांडी आपलीच आहेत.

बायको गेली, आणि घरात राहिली एकुलती एक लुव्हेनिया. ह्याच खुर्चीच्या जिवावर लेमनं तिला शिकवलं, आमच्या लेकरांच्या शाळेत मास्तरीण केलं. ती बोलायची थोडं आणि जे बोलायची ते पुसता येत नसे. तिचं लग्न ठरलं थॅडियसशी. तो बर्मिंगहॅमचा गवंडी, उंचापुरा, हसरा. त्यांच्या शहरात आपल्या लोकांचा अख्खा एक रस्ता होता आणि त्या रस्त्यावरचे आपले न्हावी आपल्याच लोकांची हजामत भरदिवसा करत. सासऱ्याचं चौकात दुकान आहे हे ऐकून तो पहिल्याच भेटीत म्हणाला होता, मग लग्नाची दाढी तिथेच. लेम खाली बघत राहिला, आणि रीत थॅडियसला लुव्हेनियानं समजावून सांगितली.

पण तिच्या मनातून ते गेलं नाही. लग्नाच्या आधीच्या रविवारी परसातले केस झाडता झाडता ती म्हणाली, "बाबा, मला चांदीचा चमचा नको, चादरी नकोत. थॅडियसची दाढी तुमच्या खुर्चीवर करा. विटेवरच्या नाही, चौकातल्या."

 लेम आधी ओरडला. दुकान मेजर स्ट्रॉदरच्या इमारतीत, कापसाची सरकी काढायचं जिन मेजरचं, निम्मं गाव मेजरचं. शिवाय स्टेशनजवळ एक गोरा न्हावी विजेचा दिवा लावून बसलाय, निमित्तच शोधतोय. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर ती फक्त म्हणाली, एकदाच, बाबा. आता एकुलत्या एका पोरीला 'नाही' तरी किती वेळा म्हणायचं? बुधवारी पहाटे, दुकान उघडायच्या आधी, पडदा ओढून, असं ठरलं. लग्न त्याच दिवशी दुपारी चर्चमध्ये. दुपारपासून दुकान बंद ठेवायला लेमनं मेजरची परवानगी घेतली होती. हो, परवानगी! स्वतःच्या पोरीच्या लग्नाला.

लग्नात बापाला एकच वाक्य असतं. पाद्री विचारतो, ही मुलगी कोण देतंय? बापानं म्हणायचं, मी देतो, तिचा बाप; आणि मागे फिरून पहिल्या बाकावर जाऊन बसायचं. महिनाभर लेम दुकानाच्या आरशासमोर ते वाक्य घोकत होता. गोऱ्यांच्या चौकात दिवसभर 'जी साहेब' म्हणणाऱ्या माणसाला एक वाक्य मान वर करून म्हणायचं होतं, आणि त्याला ते जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त हवं होतं.

बुधवारी पहाटे थॅडियस मागच्या गल्लीतून आला. टोपी काढून आधी फळीवरचे मग बघत उभा राहिला, नंतर खुर्चीवर बसला. लेमनं दांडा ओढून खुर्ची मागे कलती केली, गरम टॉवेल ठेवला, फेस केला. खरं सांगायचं तर त्याला फार बरं वाटलं. त्या चामड्यावर आपल्या माणसाचं डोकं तो पहिल्यांदाच बघत होता, आणि ते तिथे शोभत होतं. हात असा सरसर चालला की विचारू नका. उजवा गाल झाला, तळहात फिरवून पाहिला तर खरखर म्हणून नाही. "मामंजी, अशी दाढी असेल तर मी रोज लग्न करीन," थॅडियस पुटपुटला. लेम मनापासून हसला, त्या रविवारच्या हसण्यासारखं नाही.

आणि दारावर काठी वाजली.

"उघड रे लेमकाका. सातची गाडी धरायचीय मला."

मेजर. वर्षानुवर्षं नऊच्या आत घराबाहेर पाऊल न टाकणारा मेजर नेमका आज माँटगोमेरीला निघाला होता. नशीब म्हणतात ते असं, हवं असतं तेव्हा झोपतं आणि नको तेव्हा काठी घेऊन दारात. लेमनं थॅडियसला खुर्चीतून जवळजवळ उचललाच.

"मागच्या दारानं."

"असाच?" थॅडियसच्या डाव्या गालावर अजून फेस होता.

"असाच. जा बाबा, पाया पडतो तुझ्या."

थॅडियसनं टोपी उचलली. मग गळ्यातल्या टॉवेलनं फेस पुसला आणि गेला. मागचं दार म्हणजे एका फळीचं, खाली चार बोटांची फट. लेमनं वस्तरा कपाटात टाकला, दुसरा काढला, पडदा वर केला.

मेजर आला, खुर्चीत बसला आणि जरा हलला. "खुर्ची उबदार आहे रे. आत कोण होतं?"

"कुणी नाही, साहेब," लेम म्हणाला. "तुमच्या पाठीसाठी गरम टॉवेल टाकून ठेवला होता."

मेजर खूश झाला. म्हणूनच तो गोरा न्हावी आला तरी मी तुला सोडत नाही, म्हणाला. पोरीच्या लग्नाला माझ्याकडून एक अख्खं हॅम पाठवतो, म्हणाला. लेम जी साहेब, जी साहेब करत फेस लावत होता आणि आरशात त्याला मागच्या दाराखालची फट दिसत होती. फटीत दोन बुटांची सावली होती. मेजरचं बोलणं संपल्यावर ती गेली.

मग त्या दिवशी गिऱ्हाईक असं लोटलं की जसं काही गावात उद्या वस्तरे मिळणार नव्हते. गाडीचे लोक, कोर्टाचे लोक. 'पोरीचं लग्न ना रे काका?' म्हणत प्रत्येकजण ऐसपैस बसला, आणि प्रत्येकाला आपल्या सासऱ्याचा एकेक किस्सा सांगायचाच होता. लेमला वाटत होतं, सगळ्यांना अर्ध्या दाढीनं रस्त्यावर काढावं, हिंडू दे मेल्यांना चौकातून. पण हात आपले सरळ चालत होते, त्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं. त्याच गडबडीत मेजरचा नोकर हॅम ठेवून गेला. चांगली लठ्ठ, धुरावलेली डुकराची तंगडी, गोणपाटात बांधलेली.

दुपारी कुलूप लावून लेम एका काखेत हॅम आणि दुसऱ्या हातात वस्तऱ्याची पेटी घेऊन घराकडे जवळजवळ धावत सुटला. उरलेला गाल परसात करू, एवढंच डोक्यात होतं. बघतो तर थॅडियस पायरीवर कोट घालून तयार. उजवा गाल आरशासारखा गुळगुळीत, आणि डाव्या गालावर कापल्याच्या खुणा, एका खुणेवर कागदाचा कपटा चिकटवलेला. दाढी लुव्हेनियानं केली होती, बापाच्या जुन्या वस्तऱ्यानं.

"जाऊ द्या, मामंजी," थॅडियस घाईघाईनं म्हणाला. "दार चांगलं जाड होतं. मला काही ऐकू आलं नाही."

काय ऐकू आलं नाही, ते लेमनं विचारलंच नव्हतं. लुव्हेनिया आतून आली. पांढरा झगा, डोक्याला अजून ओढणी नाही.

"बाबा, मेजरनं कोण होतं विचारलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

लेमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवसभर गिळलेलं सगळं भलत्याच ठिकाणी बाहेर पडलं. "काय म्हणायला हवं होतं? जावई माझा, म्हणून? आणि उद्या काचा कुणी वेचल्या असत्या? आयुष्यभर हेच म्हणत आलोय मी. हे छप्पर त्यावर उभं आहे, तुझं शिक्षण त्यावर झालंय, हा अंगावरचा झगासुद्धा!"

"काय म्हणालात, तेवढंच विचारलं."

"कुणी नाही म्हणालो. झालं समाधान?"

 बापाच्या हातातलं जड हॅम तिनं काढून घेतलं, टेबलावर ठेवलं आणि ओढणी टाचायला आत गेली. लेमला वाटलं, निभावलं. पोर रागावली तरी समजूतदार आहे, चार दिवसांत विसरेल.

चर्च खच्चून भरलं होतं. बायकांच्या हातातले पंखे हलत होते. लेकीचा हात धरून लेम मधल्या वाटेनं चालला तेव्हा विटेच्या खुर्चीवर बसणारे सगळे त्याच्याकडे बघून मान डोलावत होते.  थॅडियस समोर उभा होता, गालावरचा कपटा काढून. पाद्रीबुवांनी पुस्तक उघडलं, घसा खाकरला आणि विचारलं, ही मुलगी कोण देतंय?

लेमनं मान वर केली. महिनाभराचं वाक्य ओठांवर होतं.

"कुणी नाही, पाद्रीबुवा," लुव्हेनिया म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, वर्गात लेकरांशी बोलते तसाच होता. "मी माझी आलेय."

पंखे थांबले. पाद्रीबुवांनी एकदा लेमकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि पान उलटलं. तिनं बापाच्या हातातून आपला हात हलकेच सोडवला आणि थॅडियसच्या हातात दिला. उत्तर दिल्यावर बापानं मागे फिरून पहिल्या बाकावर बसायचं असतं. लेमनं तर उत्तरच दिलं नव्हतं. आता बसावं की उभं राहावं हे त्याला कळेना, आणि कुणी सांगेना. शपथा झाल्या, अंगठी झाली, गाणं सुरू झालं, तरी तो त्या दोघांच्या मागे तसाच उभा होता.