पश्चिमेच्या दाराची गोधडी

माझा मुलगा कुणाल पूर्णा गावच्या गोदामावर आला तेव्हा माझी रात्रपाळी संपत आली होती. गेटजवळ येऊन त्याने मोटारसायकल बंद केली. एरवी तो गाडी चालू ठेवूनच बोलायचा आणि त्यावरून आईची बोलणी खायचा. पेट्रोल काय खाडीतून येतं का, असं मैना त्याला म्हणायची. त्या दिवशी त्याने चावी फिरवली आणि सगळं शांत झालं. मला समजलं. मैना, माझी बायको, पहाटे इस्पितळातच वारली होती.

मी रात्री पहारा करतो आणि दिवसा झोपतो. आमचं घर पत्र्याचं. उन्हाळ्यात दुपारी भारनियमन असतं, त्यामुळे पंखा असून नसल्यासारखा. तरी इतकी वर्षं मी दुपारी गार झोपलो. तो सगळा मैनेचा कारभार. होळी झाली की ती पत्र्याला वरून चुना लावून घ्यायची. ऊन चढायच्या आत खिडक्या लावायची. खाडीचा वारा सुटला की पश्चिमेचं दार उघडायची. त्या दारात एक जाड गोधडी टांगलेली असायची, गोणपाटाची आणि तिच्या जुन्या लुगड्यांची. खालचं टोक एका पन्हळात सोडलेलं. भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी त्या पन्हळात जायचं. गोधडी ते वर ओढायची, राहिलेल्या भागावर मैना तांब्याने शिंपडायची. वारा तिच्यातून गाळून आल्यासारखा आत यायचा. विजेचं बिल आलं की शेजारी विचारायचे, तुमचा मीटर झोपलाय काय? ती म्हणायची, "आमच्याकडं सगलीच झोपतान."

आमच्यात माणूस गेलं की त्याचं अंथरूण-पांघरूण खाडीवर नेऊन टाकतात. दहाव्याच्या आधी बायकांनी घर धुऊन काढलं. माझी थोरली बहीण गोदूबाई हिने दारातली गोधडी पाहिली, लुगड्यांचे तुकडे ओळखले आणि मैनेचं पांघरूण समजून तीही नेली. मला कळलं तेव्हा भरती येऊन गेली होती.

त्यानंतर माझी दुपारची झोप गेली. पत्रा तापायचा, गरम वारा सरळ अंगावर यायचा. रात्री गेटवर मान पडायची. कुणालने ठरवून टाकलं.

"बाबा, असं जागून तुमी आजारी पडाल. एसी बसवतो. सोमवारी मिस्त्री येईल. पश्चिमेचं दार विटांनी बुजवायचं, म्हंजे गारवा बाहेर जानार न्हाय."

"दुपारची लाईट न्हाय, तवा तो एसी काय तोंड बगायला?" सून करिष्मा म्हणाली.

"इन्व्हर्टर घेऊ."

"मंग इन्व्हर्टर तापला का त्याला आनखी एक एसी."

कुणाल हसला नाही.  दार बुजलं तर मैनेचं या घरातलं येणंजाणं बंद होईल, असं मला वाटलं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

कारण ती येत होती. दुपारी डोळा लागतोय न लागतोय, तेवढ्यात मला तिची पावलं ऐकू यायची. आधी पूर्वेची खिडकी लागायची, मग दक्षिणेची. मोरीत तांब्या वाजायचा. मग बराच वेळ काहीच नाही, ती दारात उभी राहून वाऱ्याची वाट बघत असावी. मग कडी निघायची. मी डोळे उघडले की खिडक्या सताड उघड्या आणि घरभर ऊन. एके दिवशी मी पडून राहिलो नाही. जसं ऐकू आलं तसं तिच्या मागून करत गेलो. घर थोडं निवलं. ती कुठे थांबायची तेही मला कळू लागलं.

मग मी गोणपाट आणलं. करिष्माने सासूची दोन लुगडी काढून दिली. गोदूबाई आली, सुई ओवून बसली.

थोड्या वेळाने मला म्हणाली, "केसरी, मना काय ठाव, ती दाराला पांघरूण घालते म्हनून."

"तुला कसं ठाव असणार?"

"सांगाचं तरी तिनं. नणंद हाय मी तिची."

रविवारी दुपारी अर्धीच झालेली गोधडी मी दारात टांगली आणि तांब्याने भिजवली. कुणालला म्हणालो, बस इथं.

"गोणपाटानं काय होनार हाय?"

"बस तर खरा."

वारा सुटला. ओल्या तागाचा वास घरात फिरला. लुगड्याच्या निळ्या तुकड्यातून उजेड आत आला आणि जमीन पाण्यासारखी हलू लागली. कुणाल भिंतीला टेकून कसल्याशा हप्त्यांचं बोलत होता. बोलता बोलता त्याचा आवाज लांब गेला. बघतो तर तोंड उघडं, मान एका बाजूला. मीही आडवा झालो. कुणीतरी माझ्या उशाशी बसलं होतं. मी डोळे उघडले नाहीत.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. कुणाल ओट्यावर फोनवर मिस्त्रीशी बोलत होता. उद्या येऊ नका, दार राहू दे, असं सांगत होता.

गोधडी आता माझ्या गुडघ्यापर्यंत येते. तिथून पन्हळापर्यंतचा भाग शिवायचा राहिला आहे.