फेणीने पुसलेली मूठ

मी मूठ. डिचोलीच्या गौरेशच्या टॅक्सीतली, ड्रायव्हरच्या दाराची आतली मूठ. दार उघडायचं तर मला ओढावं लागतं, एवढंच माझं काम. आज बोलतेय, कारण खरं काय ते मला ठाऊक आहे आणि ऐकायला कुणी नाही.

कारखान्यात माझ्या प्लास्टिकवर रबरासारखा मऊ लेप चढवला होता. आम्ही चौघी बहिणी, चार दारांना. पहिला मालक पणजीचा एक डॉक्टर. त्याची बायको गाडी चालवताना मला उगाचच कुरवाळायची. मी तेव्हा नखरेल होते, खोटं कशाला बोलू!

मग गाडी गौरेशकडे आली. तो पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा. खाण बंद पडली, ट्रक उभा राहिला आणि हा बारमध्ये बसू लागला. त्याची बायको पल्लवी लेकीला घेऊन दोनदा पेडण्याला माहेरी गेली, त्याच्या शपथांवर दोनदा परत आली. तिसऱ्यांदा गेली ती गेलीच. तेव्हा त्याने देवीपुढे नारळ ठेवून पुन्हा पिणार नाही असं गाऱ्हाणं घातलं, बाटली सोडली, ही जुनी गाडी घेतली आणि मोपाच्या विमानतळावर भाडी मारू लागला. सात महिने झाले. त्याने थेंब घेतलेला नाही. त्याचा हात रोज माझ्यावर असतो. त्या हाताची थरथर कोणत्या आठवड्यात थांबली तेही मी सांगेन.

इकडे माझीच दशा झाली. दमट हवा, वर ऊन. लेप पाघळून चिकट झाला. दसऱ्याच्या पूजेतली झेंडूची पाकळी मला चिकटली ती सुटेचना. मागच्या बहिणींना हात लागला की प्रवासी ‘शी!’ म्हणत सीटला बोटं पुसायचे. साबण झाला, शांपू झाला. पावडर लावली, तर मी पीठ मळलेल्या हातासारखी दिसू लागले.

परवा पल्लवीचा फोन आला. “आयतवारी ये. चेडवाक घेऊन येतंय.”

लेकीला घेऊन ती घरी परत येणार म्हणून गौरेश हरखून गेला. आज रविवार. सकाळी त्याने गाडी धुतली, आणि माझ्यापाशी येऊन अडला. तेवढ्यात शेजारच्या चंद्रावतीमावशीने कुंपणावरून बाटली पुढे केली. सर्दीला, अंग चोळायला ती घरात ठेवतेच.

“फेणी घे रे. हेच्यापुढे खंयचो चीक रवता?”

“नको गे मावशे.”

“पिऊक सांगतंय काय तुका? पूस!”

त्याने नाकाला रुमाल बांधला, तोंड फिरवलं आणि फडका भिजवून तासभर आम्हा चौघींना घासलं. काळा लेप सगळा निघाला. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! उरलेली बाटली त्याने हात लांब करून परत दिली. काचा लावून आम्ही निघालो. वासाची त्याच्या नाकाला सवय झाली होती.

पेडण्याला पल्लवी पिशव्या घेऊन दारातच उभी होती. लेकीला नवा फ्रॉक. पल्लवीने पलीकडचं दार उघडलं आणि थबकली. मग वळसा घालून याच्या खिडकीशी आली.

“हात दाखव.”

तिने हात हुंगला.

“मूठ पुसलंय गो, फेणीन. चंद्रावतीमावशीक विचार!”

“मावशी नेहमी तुझीच बाजू घेता. गेल्या वेळी खोकल्याचा औषध होता, आता मूठ.” तिचा आवाज चढलासुद्धा नाही. “देवीक सांगितलंस मरे तू?”

ती लेकीला घेऊन आत गेली. लेक दोनदा वळून बघत होती. मी जीव तोडून ओरडले, पण मुठीला तोंड कुठे असतं?

आता दुपार आहे. अस्नोड्याच्या पुढे एका बारसमोर गाडी उभी आहे. इंजिन बंद. हात माझ्यावर आहे आणि नजर बारच्या दारावर.

कुणीतरी पल्लवीला सांगा हो! डिचोलीला, घरामागच्या दोरीवर काळाकुट्ट फडका वाळतोय, तो एकदा येऊन बघ म्हणावं. माझ्याकडे दुसरा पुरावा नाही.

चिकट होते तेव्हा माझ्यावरून कुणाचा हात पटकन सुटत नव्हता. आता त्याची बोटं वळताहेत. देवी, माझा चीक मला परत दे. आजच्या दिवसापुरता तरी दे.