टॅपेटची टिकटिक

शी! इंजिनाचं वरचं झाकण उघडलं आणि तिला तोंडच फिरवावंसं वाटलं. आत जळक्या तेलाचा काळा चिकटा, त्यात चिंधीचे धागे, आणि पक्कड लावून लावून नटांचे कोपरे पार झिजवलेले. ही कारागिरी कुणाची ते विचारायची गरज नव्हती. घरच्या गॅरेजात नटाला पक्कड लावणारा एकच महाभाग होता, तिचा धाकटा दीर.

शर्यतीची एटीव्ही होती ती, चार जाड चाकांवर मोटरसायकलचं इंजिन. भावजींनी ती कुठून तरी स्वस्तात उचलून आणली होती आणि आज एक गिऱ्हाईक बघायला येणार होतं. चालवणार होती गिऱ्हाइकाची मुलगी. रविवारी तिची पहिलीच शर्यत होती.

गार इंजिनावर तिने पिस्टन वर आणला आणि फिलर गेजची पातळ पोलादी पट्टी व्हॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटखाली सरकवून बघितली. जातेय कशाला! केसाएवढीही फट ठेवली नव्हती. फट नसली की टॅपेट वाजत नाही, इंजिन कसं लोण्यासारखं चालतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण आतला व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, जळत जातो, आणि एक दिवस भर वेगात इंजिन मान टाकतं. मागून दहा गाड्या उधळत येत असल्या तरी टाकतं. सासऱ्यांनी तिला काम शिकवलं तेव्हा पहिली हीच गोष्ट सांगितली होती. लेकालाही सांगितली होती, पण त्याने ती या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिली.

तिने सगळा चिकटा खरवडून काढला, नट बदलले आणि पट्टी किंचित अडत सरकेल इतकी फट ठेवून टॅपेट लावले. इंजिन सुरू केलं. टिक टिक टिक. वा! आता कसं जिवंत वाटत होतं.

गिऱ्हाईक आलं ते नाकाला रुमाल लावूनच. मुलगी मागच्या मैदानात चांगली घुमवून आली, चेहरा फुललेला. बापाने मात्र कान टवकारले. “ही टिकटिक कसली?”

“वहिनींनी हात लावलाय ना,” भावजी दात काढत म्हणाले. “थांबा, आत्ता बंद करतो.”

आणि हात लावला तर चटका बसेल अशा तापलेल्या इंजिनावर या शहाण्याने पाना घेऊन टॅपेट आवळायला घेतले.

“भावजी, इंजिन गार झाल्याशिवाय टॅपेट लावायचे नसतात,” ती म्हणाली. त्यांनी मान वर केली नाही. मग ती सरळ बापाकडे वळली. “साहेब, आवाज असू द्या. तो बंद केलात तर शर्यतीत इंजिन बसेल. तुमचीच पोर बसणार आहे हो वर!”

“तुमच्या वहिनी फार बोलतात,” बाप भावजींना म्हणाला. भावजी फिदीफिदी हसले. आतून सासूबाई ओरडल्या, “अगं, गिऱ्हाइकासमोर तरी गप्प बसशील?” पोरगी तेवढी हेल्मेट छातीशी धरून तिच्याकडे बघत राहिली.

टिकटिक थांबली. सौदा झाला. गाडी सकाळी न्यायची ठरली.

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. हाताला लागलेला चिकटा रॉकेलने निघाला, पण त्या फिदीफिदी हसण्याची किळस काही केल्या जाईना. परक्याच्या पोरीच्या जिवाशी खेळायचं आणि वर दात काढायचे! सकाळी पोरीलाच बाजूला घेऊन सांगायचं, मग घरात काय रामायण व्हायचं ते होवो, असं तिने ठरवून टाकलं.

पण सकाळी ती चहाचा कप घेऊन बाहेर येईपर्यंत पोरगी गाडीवर बसलीसुद्धा होती. भावजींनी गाडी धुऊन चकाचक केली होती. पोरीने बटण दाबलं. कुर्रर्र. पुन्हा दाबलं. कुर्रर्र. थोड्या वेळाने बॅटरीही रडकुंडीला आली. तापलेलं असताना टॅपेट आवळलेलं इंजिन रात्रीत गार पडून आकसलं होतं, व्हॉल्व्ह उघडेच राहिले होते, आत दाबच धरत नव्हता. भावजींनी चोक ओढून बघितला, प्लग काढून फुंकला, चाकाला लाथही घातली. सकाळच्या गारव्यात माणूस घामाघूम झाला.

“बाबा,” पोरगी खाली उतरली. “काल या काकू सांगत होत्या ना? हीच गाडी मला शर्यतीत देणार होतात तुम्ही.”

बाप रुमाल चुरगाळत भावजींकडे बघायला लागला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

भावजी जवळ आले आणि हळूच म्हणाले, “वहिनी, जरा बघता का?”

तिने आधी कपातला चहा संपवला.

“बघायचं काय त्यात, भावजी? तुम्हाला आवाज नको होता. ऐका बरं, येतोय का कुठे?”