टवका उडालेली तावेरेत

सासूने तिच्या गळ्यात बांधायला घेतलेला ताईत हेनुतने सहज चाचपला आणि तिने तो ओळखला.

निळी तावेरेत, बाळंतपणाची देवी. पाणघोड्याचं तोंड, पुढे आलेलं गरोदर पोट, आणि डाव्या पायाचा उडालेला टवका. तो धान्य दळताना पाट्यावर आपटून उडाला होता, हेनुतच्याच हातून. आणि गेल्या पुराच्या दिवसांत तिने हाच ताईत आपल्या मेलेल्या तान्ह्या लेकीच्या गळ्यात बांधला होता. ओल्या बाळंतिणीला घराबाहेर पडायची मुभा नव्हती, म्हणून पोरीला मडक्यात निजवून डोंगराच्या पायथ्याशी पुरायला सासू एकटीच गेली होती.

आता हेनुतला पुन्हा कळा सुरू झाल्या होत्या. सुईण वाटेत होती.

"आत्याबाई, हा तुमच्याकडे कसा?"

सासूचे, म्हणजे वेर्नुरोचे, हात थांबले. तिच्या जिभेला उभी गल्ली टरकून असायची, पण आज ती खालच्या आवाजात बोलली.

"मडक्याचं तोंड लिंपायच्या आधी काढून घेतला."

 मेलेल्या लेकराच्या गळ्यातलं कोणी ओरबाडतं? तेही आजी? हेनुतने सासूचा हात झिडकारला. पोरीला मरणानंतरच्या अंधाऱ्या वाटेवर उघडं धाडलंत, असं ती म्हणाली, आणखीही बरंच म्हणाली. वेर्नुरोने ताईत मुठीत धरून ठेवला.

"ही जित्या बाळंतिणीची देवी, पोरी. पुढच्या खेपेला तुला लागणारच होती. तिकडे तिचा काय उपयोग?"

"मग तिकडे माझ्या लेकीला कोण आहे?"

 एक कळ आली आणि गेली. मग वेर्नुरोने तिला पेटीतलं धुतलं कापड काढायला सांगितलं. हेनुतने रागारागात झाकण उघडलं.

पेटीच्या तळाशी वेर्नुरोने स्वतःच्या मरणाची तयारी करून ठेवली होती. तिच्या नवऱ्याने हयातीत कोरलेला हिरव्या दगडाचा भुंगेरा त्यात असायचा. माणूस मेल्यावर तो त्याच्या छातीवर ठेवायचा, म्हणजे न्यायाच्या तराजूपुढे काळीज आपल्याविरुद्ध साक्ष देत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला वेर्नुरो तो दाखवायची. वर म्हणायची, जन्मभर सगळ्यांशी भांडले बाई, माझं काळीज तिथे माझी लाज काढणार. ह्याच्याशिवाय माझी सुटका नाही.

घडी केलेल्या फडक्यात आता भुंगेरा नव्हता. दगडाने पाडलेला खळगा तेवढा होता.

हेनुतने त्या खळग्यावरून बोट फिरवलं.

"पोरीच्या मडक्यात तिकडे कामाला येईल असं काहीतरी हवंच होतं," वेर्नुरो भिंतीकडे बघत म्हणाली. "माझ्याकडे तेवढंच होतं."

"आणि तुमचं काळीज? त्याने तोंड उघडलं तर?"

"उघडू दे. माझंच आहे ते, गप्प थोडंच बसणार आहे."

पुढची कळ आली तशी हेनुतने पेटीची कड धरली. कळ ओसरल्यावर तिने मानेवरचे केस बाजूला केले आणि सासूपुढे मान वाकवली.

"बांधा," ती म्हणाली. "गाठ घट्ट मारा, आत्याबाई."