सुरक्षित ठिकाणी

हेस्टर स्टॉरने पितळी जाळीला कपाळ टेकवलं. खाली तिच्या गावचे खासदार लिडगेटसाहेब बोलायला उभे राहिले होते.

बायकांनी पार्लमेंट बघायचं ते या जाळीआडून, अध्यक्षांच्या डोक्यावरच्या अंधाऱ्या गॅलरीतून, आणि तेही चकार शब्द न काढता. शेजारी लिडगेटसाहेबांची बायको सँडविच पुढे करत होती.

"घ्या हो. व्हिटबीहून निघाल्यापासून पोटात काही नाही तुमच्या."

"आज उपास आहे, बाई."

"मग तुमच्या वाटणीचं मीच खाते. देव काही म्हणायचा नाही."

सागरी युद्धाच्या नियमांचा करार मंजुरीला आला होता. त्यातलं एक कलम हेस्टरला पाठ होतं: पकडलेलं व्यापारी जहाज बुडवायचं, तर आधी माणसं सुरक्षित ठिकाणी पोहोचवावीत. तिच्या नवऱ्यालाही असंच पोहोचवलं होतं, दुसऱ्यांच्याच लढाईत, भर वादळात, उघड्या होडीत. होडी सापडली. माणसं नाहीत. आता सायलस, तिचा एकुलता एक, सोमवारी त्याच वाटेच्या जहाजावर चढणार होता. आईचं ऐकायचं वय सरलं होतं त्याचं. उघडी होडी म्हणजे सुरक्षित ठिकाण नव्हे, एवढी एक अट घाला, म्हणून ती गावच्या या खासदाराच्या हातापाया पडली होती.

लिडगेट छान बोलले. मंत्री त्याहून छान बोलले. प्रत्येक कप्तानाला माणुसकी असतेच. आपण एक ओळ उकरली की बाकीचे देश दहा उकरतील. सन्माननीय मित्राने भरवसा ठेवावा.

"त्या भरवशावर मी माझी सूचना मागे घेतो," लिडगेट म्हणाले.

हेस्टरची बोटं जाळीत रुतली.

"मागे म्हणजे?"

"म्हणजे संपलं. असंच असतं इथे. मागायचं, जरा टोचायचं, मागे घ्यायचं. ह्यांना आता मंत्र्यांचं पुढचं बाक मिळेल बघा."

"मला शब्द दिला होता त्यांनी."

"मांडली की सूचना! आता खालून एकानं जरी 'नाही' म्हटलं, तर मागे घेता येत नाही, मत घ्यावं लागतं. पण जेवायच्या वेळेला कोण म्हणतंय?"

"सभागृहाची परवानगी आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

हेस्टरचे ओठ मघापासून प्रार्थनेत हलत होते.

"नाही," ती म्हणाली. चर्चमध्ये आमेन म्हणावं, तेवढ्याच आवाजात.

खाली माना वळल्या. अध्यक्षांना वरचं दिसत नव्हतं.

"कोण म्हणालं?"

लिडगेटबाईंनी तिचं मनगट धरलं. "अहो, काय केलंत हे? हाकलून देतील. ह्यांचं वाटोळं कराल."

मग सरकारच्या बाकांवरून सर बार्नबी थर्लो काठी टेकत उठले. आरमारातले निवृत्त कप्तान. दुपारी करारासाठी सगळ्यात कडक भाषण त्यांचंच झालं होतं.

"मी म्हणालो."

"आवाज तर बाईचा होता," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

"घसा बसलाय माझा," थर्लो म्हणाले. हसू विरेपर्यंत ते उभेच राहिले. "होड्या मीही सोडल्यात. निघाल्या तेव्हा वारा बरा होता."

ते खाली बसले.

मतदानाची घंटा वाजली. इथे मत द्यायचं ते दारातून जाऊन, एक दार सूचनेच्या बाजूचं, दुसरं विरोधाचं. माणसं उठून विरोधाच्या दाराकडे लोटली. त्या घोळक्यात लिडगेटही होते, मान खाली घालून. सूचनेच्या बाजूच्या दाराकडे थर्लो निघाले. त्यांच्यामागून चार-दोन जण, बास. दारं लागली.

"बघितलंत ना?" लिडगेटबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता उतरला होता. "काही उपयोग झाला नाही. चला, तुम्हाला गाडीवर सोडते."

हेस्टर हलली नाही. ती त्या म्हाताऱ्यामागे लागलेल्या दाराकडे बघत होती.

"बाई," तिने हळूच विचारलं, "त्यांनी सोडलेल्या होड्यांतल्या माणसांच्या बायका कुठल्या गावच्या असतील हो?"